वलयाची डचमळ

अंतराळावरच्या ॲनिमेशनपटांतला ‘वॉल-ई’ (२००८) मुलांचा लाडका. अग्निशामक नळकांडं कवटाळून तो यानाबाहेर तरंगतो. फवारा एकीकडे, स्वारी दुसरीकडे! न्यूटनचा तिसरा नियम इतक्या लडिवाळपणे क्वचितच कुणी शिकवला असेल. तरी हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात एकच फिल्म लावायची झाली, तर मी दुसरीच लावेन. तिच्यात पात्रं नाहीत, संवाद नाहीत आणि ती मिनिटभराचीही नाही. पण औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे जी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे (एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले), ती कशाच्या मागावर असणार, हे त्या फिल्ममध्ये दिसतं. खरं तर, जवळजवळ दिसत नाही. तीच तिची गंमत.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपलेल्या गुरुत्वलहरींची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली, तेव्हाची ही फिल्म. ‘एसएक्सएस’ या संशोधकगटाने आइनस्टाइनची समीकरणं संगणकावर सोडवून ती तयार केली. ताऱ्यांनी गच्च भरलेल्या आकाशापुढे दोन काळी वर्तुळं एकमेकांभोवती फिरताहेत. एक किंचित मोठं : सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची ही दोन कृष्णविवरं. त्यांच्या आसपासचे तारे जागेवर राहत नाहीत. प्रकाश वाकतो, तसे ते ताणले जातात, घसरतात. नीट पाहिलं तर एका विवराच्या कडेला दुसऱ्याची बारीक काळी कोरही दिसते, कारण त्याच्यामागचं दृश्यही वळसा घेऊन पुढे येतं. फेरे वाढतात, वेग वाढतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. प्रत्यक्ष घटनेपेक्षा सुमारे शंभर पट संथ करूनही शेवटचे फेरे डोळ्यांतून निसटतातच.

इथे घाईने ‘स्टॉप’ दाबणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती, थांबा. सगळा रस पुढेच आहे. विवराभोवती प्रकाशाचं जे आइनस्टाइन वलय दिसतं, ते विलीनीकरण उरकल्यावरही डोक्यावरच्या घागरीतल्या पाण्यासारखं डचमळत राहतं. गुरुत्वलहरी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून फिल्ममध्येही त्या रंगवलेल्या नाहीत. विवरामागच्या भागाकडे निघालेल्या लहरी तिथून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रतिमा हलवतात, तेवढाच त्यांचा पुरावा. एवढा संयम मला भल्याभल्या दिग्दर्शकांत आढळलेला नाही.

याउलट, ताणलेल्या रबरी चादरीवर गोळे फिरवून निळ्या-जांभळ्या लाटा उठवणारं ॲनिमेशन सगळीकडे चालतं. ते देखणं आहे, पण चलाख पोरगं लगेच विचारतं : चादरीखाली काय आहे? आणि गोळा खाली का दबतो? गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच उसनं आणलेलं असतं, हे मुलांच्या लवकर लक्षात येतं.

आपल्या फिल्ममध्येही एक उणीव आहे. अंतराचा अंदाज तिच्यात येत नाही. ही घटना १३० कोटी प्रकाशवर्षं दूरची. विलीनीकरणात तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींतून निघून गेलं, तरी त्या पृथ्वीवर पोचल्या तेव्हा अमेरिकेतल्या वेधशाळांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी कमी फरक पडला. एवढा क्षीण संकेत गोंगाटातून ओळखायचा तर तो कसा असेल याचा नमुना आधी गणिताने बांधून ठेवावा लागतो. त्या पद्धतीत पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेतले संजीव धुरंधर अग्रणी.

आणखी एक प्रश्न वर्गात हमखास येणार : हे आकाशात नेमकं कुठे घडलं? तेव्हा लहर टिपली ती अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोनच ठिकाणी, सात मिलिसेकंदांच्या अंतराने. तेवढ्यावरून दक्षिण आकाशातला एक लांबलचक पट्टा हाती आला, जागा नाही. दुधाळ्याच्या भुजा लागणार आहेत त्या मुख्यतः याच कामासाठी.