हस्तलिखिताचा नवा पत्ता : घरगुती संगणक आणि मराठी पाठचिकित्सा

पाठचिकित्सेत आजवर कागदावरील हस्तलिखितालाच प्रमाण मानले गेले. मात्र घरगुती संगणकावर लिहिणाऱ्या लेखकाचे खर्डे त्याच्या वापरखात्यात असतात, याची पुरेशी दखल आपल्या समीक्षेने घेतलेली दिसत नाही.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत प्रत्येक खात्याचे लेखन स्वतंत्र फोल्डरमध्ये राही. असा संगणक बंद पडला, तरी त्याची हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, प्रशासक खात्याद्वारे फोल्डरची मालकी घेऊन फाइली वाचता येतात. परंतु त्या कूटबद्ध असतील, तर पासवर्ड परस्पर बदलल्याने त्या कायमच्या वाचता न येण्याचा धोका असतो. दुसरा अडथळा लिपीचा. युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर मूळ फाँटअभावी रोमन अक्षरांचा निरर्थक समूह भासतो. म्हणजेच फाइल मिळणे हे संहिता मिळणे नव्हे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांच्या जुन्या संगणकातील लेखन २०१० साली अभ्यासकांना खुले केले. १८४० पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा असलेल्या नाशिकमध्ये मराठी विभागांनी लेखकांच्या हयातीतच, त्यांच्या संमतीने, फाइलींच्या प्रती व फाँटची नोंद जतन करणे अगत्याचे आहे. अन्यथा उद्याच्या समीक्षकापुढे केवळ छापील आवृत्ती उरेल. तिच्यामागील लेखनप्रक्रिया नव्हे.