सायबर सुरक्षा आणि जैवसुरक्षा यांच्या संगमावरील संशोधन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

जीवशास्त्राची प्रयोगशाळा आज सूक्ष्मदर्शकाइतकीच संगणकावर अवलंबून आहे. जनुकक्रम वाचणारी यंत्रे संगणकजालाला जोडलेली असतात आणि हवा तो डीएनए मागणी नोंदवून तयार करून घेता येतो. रोगजंतू व जैविक सामग्री यांची चोरी आणि गैरवापर रोखणे हा जैवसुरक्षेचा अर्थ धरला, तर त्या सामग्रीची माहिती सांभाळणारा संगणकही तिच्या कक्षेत येतो. या जाणिवेतून ‘सायबर-जैवसुरक्षा’ ही संज्ञा २०१७-१८ च्या सुमारास पुढे आली. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील संशोधनाच्या तीन प्रवाहांची चिकित्सा केली आहे.

संशोधनाचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह संकल्पनात्मक आहे. २०१८ मध्ये रँडल मर्च, ज्याँ पेकू आदी अभ्यासकांनी ही नवी ज्ञानशाखा मानावी, असे प्रतिपादन केले. जीवशास्त्रज्ञ आपल्या यंत्रांवर, माहितीसाठ्यांवर आणि पुरवठादारांवर पारख न करता विश्वास ठेवतात, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि या प्रवाहातील बरेचसे लेखन संभाव्य धोक्यांच्या याद्यांपाशी थांबते. कोणता धोका किती संभवनीय, याचे मोजमाप त्यात क्वचितच आढळते.

दुसरा प्रवाह प्रात्यक्षिकांचा आहे. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी १७६ घटकांच्या डीएनए साखळीत घातक संगणक आज्ञावली गुंफून, ती साखळी वाचणाऱ्या संगणकाचा ताबा मिळवला. या प्रयोगाला मोठी प्रसिद्धी लाभली. परंतु ज्या सॉफ्टवेअरवर हल्ला झाला, त्यातील त्रुटी संशोधकांनीच मुद्दाम निर्माण केली होती आणि तत्काळ धोका नसल्याचेही त्यांनी स्पष्ट केले होते. प्रसिद्धीच्या ओघात हा तपशील मागे पडला.

तिसरा प्रवाह डीएनए मागण्यांच्या छाननीचा असून, तो अधिक फलदायी वाटतो. २०२० मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवले की, वेश पालटलेल्या ५० आक्षेपार्ह नमुन्यांपैकी १६ छाननीत सापडले नाहीत. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, केवळ संगणकावर, विषारी प्रथिनांची अशी रूपे रचली की त्यांतील अनेक छाननीतून निसटली. छाननी करणाऱ्या संस्थांच्या सहकार्याने आधी दुरुस्ती करण्यात आली आणि त्यानंतरच संशोधन प्रसिद्ध झाले. हा क्रम अनुकरणीय आहे. मात्र अनेक देशांत अशी छाननी कायद्याने सक्तीची नाही, ही मर्यादा शास्त्रीय संशोधनाने दूर होणारी नाही.

उपेक्षित क्षेत्र

प्रत्यक्ष घटना काय सांगतात? २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात मर्क कंपनीचे लसउत्पादन विस्कळीत झाले आणि गार्डासिल लसीच्या मात्रा तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यातून उसन्या घ्याव्या लागल्या. २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडून कामकाज हाताने करावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये इल्युमिना कंपनीच्या जनुकक्रम यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दूरस्थ ताबा मिळू शकेल अशी गंभीर त्रुटी आढळली. त्याच वर्षी इतरत्र वापरलेलेच पासवर्ड पुन्हा वापरल्यामुळे ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ची काही खाती उघडली गेली आणि त्यांतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर पडली. यांपैकी एकाही प्रसंगी डीएनएत दडवलेल्या आज्ञावलीची गरज पडली नाही. दोष नेहमीचे होते. याच नेहमीच्या दोषांचा प्रयोगशाळांत जाऊन केलेला अभ्यास मात्र तोकडा आहे.

भारतीय संदर्भ

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. फरिदाबाद येथे २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झाले आणि जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार व्यक्तींची जनुकीय माहिती २०२५ मध्ये तेथून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जनुकक्रम बदलता येत नाही. शिवाय तो त्या व्यक्तीबरोबर तिच्या रक्ताच्या नातेवाइकांविषयीही सांगतो.

निष्कर्ष

या क्षेत्राने चमत्कृतीपूर्ण शक्यतांकडून दैनंदिन व्यवहाराकडे वळणे अगत्याचे आहे. यंत्रांचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे काय, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहेत, नमुन्यांच्या नोंदींत कोण फेरफार करू शकते, हे प्रश्न साधे असले तरी संशोधनयोग्य आहेत. त्यांसाठी परदेशी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. ज्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र हे विभाग एकाच आवारात असूनही एकमेकांचा अभ्यासक्रम जाणत नाहीत, तेथे संयुक्त प्रकल्पाने आरंभ करता येईल. दोन ज्ञानशाखांमधील हे अंतर कायम राहिले, तर सुरक्षेतील पोकळीही तेथेच कायम राहील.