‘पाणथळ’ आणि ‘मागणी’ : जलनियोजनाच्या परिभाषेची चिकित्सा

शासकीय लेखनात परिभाषा ही केवळ सोयीची खूण नसते. तिच्या कक्षेत जे सामावते त्यास संरक्षण लाभते. जे बाहेर राहते ते प्रत्यक्षात असूनही कागदावर नाहीसे होते. पाणथळ जागांचे रक्षण व पाण्याच्या भावी मागणीचे नियोजन या विषयांवरील लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम ‘पाणथळ’ हा शब्दच विचारात घ्यावा लागतो. ज्या जमिनीतील पाण्याचा निचरा होत नाही ती पाणथळ, असा शेतकऱ्याचा अर्थ. आणि त्यात तक्रारीचा सूर असतो. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ‘क्षारपड व पाणथळ’ ही जोडी अतिसिंचनाने बिघडलेल्या जमिनीसाठी रूढ आहे. तेथे चर खणून वा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाणी काढून देणे हाच उपाय मानला जातो. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या करारात भारत १९८२ मध्ये सामील झाला. या करारास अनुसरणाऱ्या पर्यावरणविषयक लेखनात मात्र तोच शब्द रक्षणीय संपत्तीचा वाचक ठरला आहे. एका खात्याच्या भाषेत जो रोग, तोच दुसऱ्याच्या भाषेत ठेवा! शब्दाला दोन अर्थ असणे नवे नाही. संदर्भाने त्यांचा निवाडा होतो. येथे अडचण अशी की, ज्या व्याख्येने हा निवाडा करावयाचा तीच डळमळीत आहे.

केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांतील व्याख्येत सरोवरे, जलाशय व तलाव यांचा स्पष्ट उल्लेख होता. २०१७ च्या नियमांनी ती व्याख्या बदलली. नव्या व्याख्येचा पूर्वार्ध उदार आहे : जागा नैसर्गिक असो वा कृत्रिम, पाणी कायमचे असो वा हंगामी, ती पाणथळच. उत्तरार्धात मात्र नदीपात्रे व भातखाचरे यांजबरोबरच पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यसंवर्धन, मीठ-उत्पादन व मनोरंजन यांसाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. पूर्वार्ध जागेच्या स्वरूपाविषयी बोलतो, तर उत्तरार्ध ती बांधणाऱ्याच्या हेतूविषयी. एकाच वाक्यात वर्गीकरणाची कसोटी बदलावी, हा तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोषच होय.

या दोषाचे प्रत्यंतर नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर येथे मिळते. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी सिंचनासाठी बंधारा घालण्यात आला. पुढे गाळ साचला, बेटे व उथळ पाणी निर्माण झाले, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले व २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. बांधणाऱ्याचा हेतू हीच कसोटी मानली, तर राज्याचे हे अग्रस्थानचे पाणथळ ‘पाणथळ’च ठरत नाही. त्यास अभयारण्याचा व आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आधार आहे; परंतु ज्या असंख्य गावतळ्यांना व पाझर तलावांना असा आधार नाही, त्यांचे काय?

दुसरा शब्द ‘मागणी’. राष्ट्रीय एकात्मिक जलसंपत्ती विकास आयोगाने १९९९ मध्ये देशाची २०५० ची पाण्याची गरज किमान ९७३ व कमाल १,१८० अब्ज घनमीटर अंदाजिली. किमान अंदाजात सिंचनाचा वाटा ६२८, कमाल अंदाजात ८०७. पर्यावरणाचा वाटा मात्र दोन्हींत २०, म्हणजे सुमारे दोन टक्के. बाष्पीभवनाने होणारा तोटाही ७६ धरला आहे! शेतीची तहान १७९ अब्ज घनमीटरने वाढली तरी निसर्गाची एका थेंबाने वाढत नाही, असा याचा अर्थ होतो. ‘मागणे’ या क्रियापदास कर्ता लागतो. शेतकरी मागतो, नगरपालिका मागते, कारखाना मागतो. दलदल मागत नाही. म्हणून कोष्टकात तिच्या वाट्याला ठोकळ अंक येतो.

याउलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा प्रत्येक तलाव कडक निर्बंधांखाली आणला, तर गाळ काढणे व दुरुस्ती करणे हीदेखील अवघड होईल, या भीतीत तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय निर्बंधांचे स्वरूप ठरविताना शोधावयाचा असतो. व्याख्येतून वस्तूच काढून टाकणे हा उपाय नव्हे. शिवाय पाणथळ जागा पाण्याची केवळ प्रतिस्पर्धी ग्राहक नाही. ती पुराचा वेग मोडते, गाळ अडविते आणि अनेक ठिकाणी भूजलात भर घालते. जमेच्या बाजूस मांडावयाची गोष्ट खर्चाच्या बाजूसही जेमतेम नोंदली जावी, हा हिशेबाचा विपर्यास होय.

सारांश, दोन्ही लेखनांतील उणीव एकच आहे : पाण्याची ओळख त्याच्या मानवी उपयोगावरून ठरविली जाते. व्याख्येत हेतूऐवजी आजची स्थिती ही कसोटी आली आणि कोष्टकात पर्यावरणाचा वाटा शेवटी उरणारा न राहता आधी राखून ठेवलेला झाला, तर रक्षण व नियोजन यांतील विरोध बराच मावळेल. तोवर २०५० साठी केलेल्या नियोजनात पाणी साठविणारी जागाच हिशेबाबाहेर राहण्याचा धोका कायम आहे.