हरण्याची सबब

वॉल्टर टेव्हिस यांच्या ‘द हसलर’ (१९५९) या कादंबरीचे नाव घेतले की रसिकांना आठवतो तो पॉल न्यूमनचा १९६१ सालचा चित्रपट. चित्रपट उत्तमच आहे; परंतु पूलच्या टेबलावर खेळाडू मनाने कसा वाढतो, या प्रश्नाचे कादंबरीने दिलेले उत्तर अधिक कठोर आहे आणि आमच्या मते अधिक खरे.

पैजा लावून खेळणारा तरुण एडी फेल्सन शिकागोस येतो, मिनेसोटा फॅट्स या नामवंताशी रात्रभर झुंजतो आणि हाती आलेला सामना घालवतो. कसब अपुरे पडले म्हणून नव्हे. ‘स्ट्रेट पूल’मध्ये दर चेंडूस एक गुण, आणि चेंडू खिशात जात राहतील तोवर डाव एकाच्याच हाती, दुसऱ्याने खुर्चीत बसून पाहायचे. क्लबातील हिरव्या बनातीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना त्या खुर्चीचे दुःख सांगायला नको. चित्रपटात फॅट्स हात-तोंड धुऊन, पावडर लावून, कोट चढवून ताजातवाना परततो. मद्याने झिंगलेला एडी त्याला हसतो. सामना तेथेच संपल्याचे प्रेक्षकास कळते, एडीला कळत नाही.

पुढे बर्ट गॉर्डन हा जुगारी त्याला सुनावतो की, तुझ्यापाशी गुण आहेत, चारित्र्य नाही. हा शब्द येथे आपल्या नेहमीच्या अर्थाने घेऊ नये; ‘धृती’ त्याच्या अधिक जवळ जाईल. जिंकण्याचे ओझे पेलवेनासे झाले की माणूस हरण्यासाठी सोयीची सबब शोधतो आणि मग स्वतःची कीव करण्यात त्याला सुख वाटू लागते, असे बर्टचे म्हणणे. हे वाचताना आम्ही जरा वरमलो. परप्रांतात मराठी टिकत नाही, मुले वाचत नाहीत, या आमच्या सभांतील ठरावीक वाक्यांत खंत किती आणि सबब किती, हे आम्ही कधी तपासले आहे?

बर्ट काही साधू नव्हे. त्याला एडीच्या कमाईत वाटा हवा आहे. खरे बोलणारा माणूस भलाही दाखवावा, हा मोह टेव्हिस यांनी टाळला. त्याच्या तोंडची व्याख्याने मात्र लांबतात, आणि शेवटचा सामना कधीकधी त्यांचा पुरावा म्हणून मांडल्यासारखा वाटतो.

चित्रपटाने येथे वाट बदलली. एडीची मैत्रीण सारा त्यात आत्महत्या करते आणि त्या शोकाने एडी पालटतो. कादंबरीत ती मरत नाही. स्त्रीच्या मृत्यूतून नायकास शहाणपण आणणे नाट्यपूर्ण खरे, पण त्यामुळे एडीची स्वतःची मेहनत झाकली जाते. कादंबरीतल्या एडीला असा धक्का लाभत नाही. मोडलेले अंगठे बरे होईतो थांबायचे, पुन्हा क्यू हाती धरायचा आणि आपण का हरलो याचा हिशेब स्वतःशीच मांडायचा, एवढेच त्याच्यापाशी उरते. फॅट्सशी पुन्हा गाठ पडते तेव्हा फटके जवळपास तेच असतात. सबब तेवढी उरलेली नसते.

‘द कलर ऑफ मनी’ (१९८४) या उत्तरार्धात एडी पन्नाशीला पोहोचला आहे. आता चलती ‘नाइन-बॉल’ची, तरुणांच्या आणि त्याच्या दृष्टीने नशिबाच्या खेळाची. तो खेळ हलका म्हणणे ही त्याची नवी सबब; तीही त्याला सोडावी लागते. १९८६ च्या चित्रपटाने न्यूमनला ऑस्कर मिळवून दिले, पण कथानक जवळजवळ सारेच बदलले. तेव्हा वाचकांनी शोधावी ती कादंबरीच.