वाट दाखवणाऱ्याची वाट

माणसाने आयुष्यात कशाची वाट पाहावी याला काही धरबंध नाही. कोणी पावसाची पाहतो, कोणी बढतीची, कोणी जावयाच्या पत्राची. मी २०२० साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एका फोनची वाट पाहत होतो. आणि तो फोन काय करणार होता, तर मी कुठे आहे ते मला सांगणार होता.

आता मी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मी श्रीवर्धनात होतो. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे अठरा अंश उत्तर आणि त्र्याहत्तर अंश पूर्व यांच्या आसपास आपलं बूड टेकलेलं आहे, हेही मला तोंडपाठ होतं. पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आकाशातून कोणीतरी खरी करून सांगावी, ही हौस निराळी. ज्योतिषाचा धंदा चालतो तो याच हौसेवर.

दिशांच्या बाबतीत आम्हां रायगडवाल्यांना मुळात कमी लेखू नये. ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणून लोक आम्हांला हसतात. २०१९ साली हे वाक्य बंद करा म्हणून एक गृहस्थ थेट उच्च न्यायालयात गेले आणि हात हलवत परत आले. पण हसणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिथरतील अशी भीती वाटली, आणि १९०४ साली त्यांचं बिऱ्हाड अलिबागला हलवावं लागलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला शांत जागा हवी होती, ती अलिबागेत मिळाली. म्हणजे उत्तर नेमकी कुठे आहे हे विचारायला मुंबईनेच अलिबागला यायचं, अशी वस्तुस्थिती आहे. असो. घरचा अभिमान किती मिरवायचा!

तर फोन. फोन वाट दाखवतात ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. नवं होतं ते ‘नाविक’. आपल्या इस्रोने आपल्या माणसांसाठी आकाशात टांगलेले आपले उपग्रह. कारगिलच्या वेळी अमेरिकेने तिच्या उपग्रहांकडून हवी ती माहिती दिली नाही आणि त्यातून हा हट्ट पेटला, असं सांगतात. २००६ साली योजनेला मंजुरी मिळाली, १ जुलै २०१३ ला पहिला उपग्रह गेला, आणि २८ एप्रिल २०१६ ला सातवा गेल्यावर पंतप्रधानांनी या सगळ्या मंडळींचं ‘नाविक’ असं बारसं केलं. सातही जण छत्तीस हजार किलोमीटरांवर. पण अमेरिकेच्या उपग्रहांसारखे जगभर हिंडत नाहीत. भारत आणि भोवतालचे पंधराशे किलोमीटर, एवढाच त्यांचा प्रपंच. मला हे फार आवडलं. आपल्या आळीपुरतं पाहणारा माणूस आळीकडे नीट पाहतो.

मात्र उपग्रह वर गेले तरी त्यांचं बोलणं ऐकू येणारा फोन बाजारात नव्हता. चार वर्षं सात नाविक वरून हाका मारताहेत आणि खाली सव्वाशे कोटी माणसांत ‘ओ’ देणारा कोणी नाही, असा प्रकार. शेवटी २४ फेब्रुवारी २०२० ला रिअलमी कंपनीने नाविक ओळखणारा फोन आणला. तो फाइव्ह-जीचाही होता आणि फाइव्ह-जी देशात यायला अजून अडीच वर्षं होती. म्हणजे घोडा आधी आणि रस्ता मागून. तो माझ्या पेन्शनच्या आवाक्याबाहेरचा. पण मार्चच्या १२ तारखेला रेडमीचा एक आला आणि स्वस्तातलेही येणार अशी हवा पसरली. मी कुठला घेतला हे सांगत नाही. पुढे त्याच्याबद्दल चार शब्द बरे बोलायचे आहेत आणि चार वाईट, आणि दोन्ही मला त्या कंपनीच्या कानावर घालायचे नाहीत.

मुंबईच्या भाच्याकरवी मागणी नोंदवली आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, सगळा देश घरात बसला. वाट दाखवणारा फोन निघाला आणि वाटाच बंद झाल्या. आमची ही म्हणाली, “घरात बसून आपण घरात आहोत हे पाहायला एवढे पैसे घालायचे?” या प्रश्नाला इस्रोकडेही उत्तर नसावं.

फोन मेच्या शेवटी आला. उघडल्या उघडल्या मी तो घेऊन मागच्या वाडीत गेलो. वाचकहो, तुम्ही श्रीवर्धनची वाडी पाहिली नसेल तर सांगतो : पोफळी अशा दाट की भरदुपारी खाली ऊन रुपया-रुपयाने पडतं. तिथे फोन आकाश शोधू लागला. ‘शोधत आहे’, ‘शोधत आहे’. पाच मिनिटांनी एक निळा ठिपका उमटला. तो शेजाऱ्यांच्या गोठ्यात होता. मी जागचा हललो नाही, पण ठिपका गोठ्यातून निघाला, विहिरीत उतरला आणि वर येऊन कुंपणाबाहेर चालू पडला. माझ्यापेक्षा त्यालाच टाळेबंदीचा कंटाळा आला असावा.

दोष त्याचा नव्हता. या विद्येचं मर्म एवढंच की वरचा प्रत्येक उपग्रह ‘माझ्याकडे आत्ता इतके वाजले’ असं सांगत असतो. तो निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो, आणि अशी चार अंतरं जुळली की तुमची जागा ठरते. सगळी मदार घड्याळावर. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर तीनशे मीटरांची चूक; म्हणजे आमच्या घरातला माणूस समुद्रात. आणि नाविकाची खरी दुखणी घड्याळाचीच. पहिल्या उपग्रहातली तिन्ही परदेशी अणुघड्याळं बंद पडली. त्याची जागा घ्यायला ३१ ऑगस्ट २०१७ ला दुसरा पाठवला, तर वर गेल्यावर त्याच्यावरचं टोपण उघडलंच नाही. बिचारा पेटीतल्या पेटीतच राहिला. मग १२ एप्रिल २०१८ ला तिसरा. देशी बनावटीचं घड्याळ वर गेलं ते २९ मे २०२३ ला, आणि २९ जानेवारी २०२५ ला गेलेला त्याचा पाठचा भाऊ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. आमच्या गावात घड्याळ बंद पडलं तर ते दुरुस्त करणारा बाजारपेठेत बसतो. छत्तीस हजार किलोमीटरांवर कोण बसणार? हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. घरच्या पोराचा निकाल आपणच कडक तपासावा.

जीवना बंदरावरचा आमचा एक नाखवा एकदा घरी आला होता, त्याला मी फोन दाखवला. “नाखवा, हा आपल्या देशाचा नाविक!” त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या होडीवर उपग्रहाचं यंत्र कित्येक वर्षांपासून आहे. त्याआधी त्याचा बाप दोन डोंगरांची टोकं एका रेषेत धरून खडक चुकवायचा. तो म्हणाला, “मास्तर, आमी कुठं हाव ते आमाला ठावं हाय. म्हावरा कुठं हाय ते सांगतं का?” मी हसलो. नंतर कळलं की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि रंग उपग्रहांवरून पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवणारी ‘इनकॉइस’ नावाची सरकारी संस्था हैदराबादेत आहे. नाखवाने जाहिरातवाल्यापेक्षा बरा प्रश्न विचारला होता.

३ जूनला वादळ आलं. ‘निसर्ग’ त्याचं नाव. नाव ठेवणाऱ्यांचीही कमाल असते. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते आमच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरच्या वाऱ्याने. त्या दोन तासांबद्दल विनोदी लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मागची वाडी आडवी होती आणि स्वयंपाकघरातून समुद्र दिसत होता. आमच्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

वीज गेली, टॉवर पडले, फोन मुके झाले. माझी थोरली बहीण, अक्का, दिवेआगरला एकटी राहते. वय ब्याऐंशी. तिचा मुलगा, म्हणजे तोच भाचा, मुंबईत. तो इकडे येऊ शकत नाही, फोन करू शकत नाही. तिसऱ्या दिवशी मी निघालो. नाखवाच्या मुलाची मोटारसायकल, माझ्या हातात कोयता. गाडीच्या बॅटरीवर चार्ज केलेला फोन खिशात टाकला तो का, हे मला नीट सांगता येणार नाही. खिशात काहीतरी असावं, म्हणून.

आरावी, कोंडविल, शेखाडी. एरवी या रस्त्याइतका देखणा रस्ता नाही. डाव्या हाताला समुद्र अगदी चाकाशी येतो. त्या दिवशी समुद्र शहाण्यासारखा बसला होता आणि रस्त्यात झाडं निजली होती. कुठे कोयत्याने वाट केली, कुठे गाडी उचलून पलीकडे ठेवली. दिवेआगरात शिरलो आणि मला अक्काचं घर सापडेना.

पंचावन्न वर्षं मी त्या घरी जातोय. डोळे मिटून गेलो असतो. पण आमच्याकडचे पत्ते झाडांचे असतात. दोन वडांमधली आळी, तिसऱ्या फणसाला डावीकडे, जिथे पोफळींचा काळोख सुरू होतो तिथलं बेडं. वड आडवे, फणस नव्हताच, आणि काळोख कुठेच नव्हता. सगळीकडे लख्ख ऊन. सगळ्या आळ्या एकसारख्या, सगळी घरं बोडकी. भूगोलाचा मास्तर चौकात उभा आणि भूगोलच गेलेला.

तेव्हा मी फोन काढला. वादळाच्या आधी भाच्याने गंमत म्हणून आईच्या घराची खूण पाठवून ठेवली होती, आणि नकाशा उतरवून घ्यायला लावला होता. उपग्रहांना टॉवर लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. थोडा वेळ ‘शोधत आहे’ झालं, आणि मग ठिपका आला, जो गोठ्यात नाही, विहिरीत नाही, माझ्या पायाखाली. चूक तीन मीटरांची, असं खाली लिहून. असा स्वच्छ, असा ठाम ठिपका मी त्या फोनवर पाहिलाच नव्हता. का पाहिला नव्हता हे कळायला मला जरा वेळ लागला. आता मध्ये पोफळी नव्हत्या. उपग्रहांना दिवेआगर पहिल्यांदाच पुरतं दिसत होतं.

ठिपक्याच्या मागे मागे गेलो. खरं ते सांगतो, त्याने मला नेमकं अक्काच्या विहिरीपाशी नेऊन उभं केलं. समीक्षकाने प्रामाणिक असावं. त्या दिवशी कोणी माणूस मला याहून बरी वाट दाखवू शकला नसता, कारण माणसांच्याही खुणा झाडांच्याच होत्या.

अक्का विहिरीच्या काठावर बसून पडलेल्या पोफळी मोजत होती. घराचं अर्धं छप्पर होतं. मला पाहून म्हणाली, “आलास? थांब, एकशे चाळीस.” मग आणखी दोन मोजल्या आणि रडली. मग चहा ठेवते म्हणाली. चूल ओली होती.

जरा वेळाने तिची नजर माझ्या हातातल्या फोनकडे गेली. “लाव त्याला,” ती म्हणाली. “सांग मी आहे म्हणून.”

मी तिला समजावू लागलो. अक्का, हा फोन आत्ता लागणार नाही. टॉवर पडलेत.

“मग तुला इथवर कोणी आणलं?”

उपग्रहांनी.

“कुठे असतात ते?”

छत्तीस हजार किलोमीटरांवर.

“तिथलं याला ऐकू येतं?”

येतं.

“आणि मुंबईचं येत नाही?”

वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. पण त्या विहिरीपाशी मला उत्तर देणं फार जड गेलं. ते नुसतं सांगतात, अक्का. ऐकत नाहीत. मी कुठे आहे हे या फोनला कळतं. आपण इथे आहोत हे त्यांना कळत नाही. फोन घेताना जाहिरातीत मी सात उपग्रहांची चित्रं पाहिली होती, सातांतून सात किरण माझ्यासारख्या एका माणसापर्यंत आलेले. त्या माणसापासून वर जाणारी एकही रेघ नव्हती, हे चित्र पाहताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन महिने मी ज्याची वाट पाहिली ते एक उत्तम कान होतं, त्याला तोंड नव्हतं.

अक्काने आत जाऊन पंचांगाच्या मागचं पान फाडलं आणि लिहिलं : ‘मी बरी आहे. घर अर्धं आहे. काळजी नको, येऊ नको.’ खाली तारीख घातली. मास्तरची बहीण. ती चिठ्ठी नाखवाच्या मुलाने माणगावकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला दिली, त्याने रेंज आली तिथे तिचा फोटो काढून भाच्याला धाडला. भाच्याला तो मिळाला आठ जूनला. फोटोत टेम्पोवाल्याचा अंगठा आहे आणि अक्षर अक्काचं आहे, एवढं पाहून तो ऑफिसच्या कामात बसल्या बसल्या ढसाढसा रडला, असं सूनबाईंनी सांगितलं.

पोफळी पुन्हा लावल्या. अक्काने स्वतः रोपं मोजून घेतली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे तिला कोणी सांगायला नको. नाखवाच्या मुलाने सांगितलं की सरकारने होड्यांवर बसवायला इस्रोचं यंत्र काढलंय, त्यातून संकटात निरोप पाठवताही येतो आणि परत उत्तरही येतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्याचा शुभारंभ झाला. म्हणजे वर जाणारी रेघ आधी कोळ्यांना मिळतेय. बरोबर आहे, गरज त्यांची पहिली.

आणि परवा भाच्याचा फोन आला. उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारे फोन परदेशात निघालेत, इकडेही येतील म्हणतो. “मामा, तुमच्यासाठी एक सांगून ठेवू का?” मी किंमत विचारली. अक्का तेव्हा आमच्याकडेच होती, झोपाळ्यावर. तिने मान वर न करता विचारलं, “याचं तिकडे ऐकू जातं का, ते आधी विचार.”