शिळे चालेल, पण कोणते?

ब्राउझरमध्ये उत्तरे साठवण्याची कला दशकभरात फार पुढे गेली, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पूर्वीच्या ॲपकॅशेत फायलींची यादी मॅनिफेस्टमध्ये लिहून बाकी सारे ब्राउझरवर सोडायचे. त्या यादीत एक अक्षरही बदलले नाही, तर वापरणाऱ्याला जुनेच पान दिसत राही. २०१५ च्या जानेवारीत क्रोम ४० मधून सर्व्हिस वर्कर, म्हणजे पानाच्या विनंत्या मध्येच अडवून उत्तर देणारी स्क्रिप्ट, आला, २०१८ मध्ये सफारीनेही तो स्वीकारला आणि निर्णय प्रोग्रामरच्या हाती आला. पण त्यानंतरची चर्चा बव्हंशी ‘कसे साठवायचे’ याचीच झाली: आधी कॅशे, आधी नेटवर्क, की शिळे वाढून मागच्या दाराने ताजे आणायचे? ‘साठवण्याच्या लायकीचे काय’ हा प्रश्न मात्र यूआरएलच्या पॅटर्नवर ढकलला गेला. पॅटर्न पाहतो विनंतीकडे, साठवले जाते ते उत्तर. घोटाळा इथेच आहे.

कॅशेची ‘पुट’ ही मेथड ४०४ किंवा ५०० चे उत्तरही निमूटपणे ठेवून घेते. तेवढे स्टेटस तपासून टाळता येते. अवघड आहे ते २०० चे सोंग घेतलेले उत्तर. नवी आवृत्ती चढवताना चारपैकी एका सर्व्हरवर नवी जावास्क्रिप्ट फाइल अजून पोहोचलेली नसते. मागितलेले सापडले नाही की मुख्य पान द्यायचे, हा एकपानी ॲप्लिकेशनचा नेहमीचा नियम. म्हणून तो सर्व्हर फाइलीच्या नावावर एचटीएमएल पाठवतो, स्टेटस २००. ‘आधी कॅशे’ धोरण ते साठवते. पाच मिनिटांत सर्व्हर सुधारतो, पण त्या वापरणाऱ्याची स्क्रीन पांढरीच राहते. रिफ्रेश करूनही उपयोग नाही. कंटेंट-टाइप पाहणारी एक ओळ हे टाळू शकली असती. दुसऱ्या ओरिजिनवरून आलेल्या अपारदर्शक उत्तराचे तर स्टेटसच शून्य दिसते, आत चित्र आहे की चूक हे कळतच नाही. सर्व्हिस वर्करसाठीच्या वर्कबॉक्स या लायब्ररीचा इथला संकेत मला या क्षेत्रातला सर्वांत शहाणा वाटतो: स्वतःहून दुरुस्त होणाऱ्या धोरणांत शून्य चालते, ‘आधी कॅशे’मध्ये फक्त २००. म्हणजे चूक किती काळ टिकेल, यावर परवानगी ठरते.

यावर आक्षेप येतो की एवढा खटाटोप कशाला, कॅशे-कंट्रोल हेडर आहेच. पण सर्व्हिस वर्करचा कॅशे तो हेडर पाहतच नाही. ‘नो-स्टोअर’ लिहिलेले उत्तरही ‘पुट’ केले की आत जाते. तो नकार प्रोग्रामरनेच पाळायचा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मागून ताजे येतच असेल, तर क्षणभर शिळे दिसल्याने काय बिघडते? लेखांच्या यादीत काहीच नाही (फोडणीच्या भाताला शिळाच भात लागतो). रेल्वेच्या उरलेल्या जागा किंवा खात्यातली शिल्लक दाखवताना मात्र तो क्षणच महाग पडतो, कारण माणूस निर्णय त्याच क्षणी घेतो. खात्याच्या माहितीत आणखी एक पेच आहे. कॅशे उत्तर शोधतो ते मुख्यतः यूआरएलवरून, लॉगिन कोणाचे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. सामायिक संगणकावर पहिल्याचे ‘माझे खाते’ दुसऱ्याला दिसू शकते. अशी उत्तरे साठवूच नयेत. साठवलीच, तर लॉगआउटने ती आपोआप पुसली जात नाहीत, ती पुसणारी ओळ ॲप्लिकेशनमध्ये वेगळी लिहावी लागते.