लक्ष्या गंभीर भूमिकेत चालला नाही? कशावरून?

लक्ष्मीकांत बेर्डेबद्दल हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच: 'एक होता विदूषक' (१९९२) पडला, कारण लोकांना लक्ष्या फक्त विनोदीच हवा होता. रिसर्चची तयारी करताय ना? मग थांबा. हा निष्कर्ष किती नमुन्यांवरून काढलाय? एका! आणि त्या एका चित्रपटात फक्त लक्ष्याची भूमिकाच वेगळी नव्हती. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक पु. ल., गोष्ट तमाशातल्या कलावंताची. 'धूमधडाका'पासून (१९८५) रुळलेलं सगळंच बदललं होतं. एवढी व्हेरिएबल्स एकदम हलवल्यावर परिणाम नेमका कशाचा, हे कळणार कसं?

मला तर मूळ प्रश्नच चुकलेला वाटतो. गंभीर लक्ष्या शोधायला विनोदी चित्रपटांच्या बाहेर जावंच लागत नाही. पुढच्याच वर्षीचा, महेश कोठारेंचा 'झपाटलेला' घ्या. बाहुला हलतो, बोलतो, आणि लक्ष्याचं म्हणणं कुणाला पटत नाही. हे प्रसंग आवाज बंद करून पाहा. (मी पाहिलेत, थिसिस लिहायच्या वेळात.) त्याच्या चेहऱ्यावरची भीती अगदी खरी आहे. तो घाबरल्याचं नाटक करत असता, तर आपल्याला हसू आलं नसतं.

नंतरच्या बऱ्याच चित्रपटांत नुसता आरडाओरडा आहे, हे कबूल. पण तो दोष अभिनेत्याच्या खात्यावर टाकण्याआधी एवढं करा: तेच चित्रपट पुन्हा लावा आणि घाबरायला, रडायला, गप्प बसायला पटकथेने त्याला किती मिनिटं दिली, ती मोजा.